वायफायचं नाव लपवलं की कोणी घुसत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुकानांत आणि पतसंस्थांत राउटर बसवताना एक सल्ला हमखास मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतो: ‘वायफायचं नाव लपवा, मग कोणी घुसूच शकत नाही.’ पटण्यासारखं आहे. जे दिसतच नाही, त्याच्या वाटेला कोण जाणार?

पण नाव लपवलं तरी राउटर गप्प बसत नाही. आपण इथे आहोत हा संकेत तो सहसा सेकंदाला १० वेळा सोडतच राहतो, फक्त नावाची जागा रिकामी असते. शिवाय कर्मचाऱ्याचा फोन जोडला जाताना तेच नाव उघड्यावर पाठवतो आणि ते टिपणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. उलट तोटा असा, की लपवलेलं नेटवर्क सेव्ह केलेला फोन त्याला नावानं शोधत राहतो. मग बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानाचं वायफाय निपाणी स्टँडवरही पुकारलं जाऊ शकतं!

स्वतः पडताळा. नाव लपवून विंडोज लॅपटॉपवर वायफायची यादी उघडा. ‘हिडन नेटवर्क’ अशी ओळ बहुधा दिसेलच. वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये त्याच बिननावाच्या ओळीपुढे चॅनल, सिग्नल आणि राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांकही सापडतो.

खरं संरक्षण पासवर्ड आणि एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवण्याचं. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत ठेवा, नसेल तर तिची आधीची आवृत्ती डब्ल्यूपीए२. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, तेव्हा दुकानाचं नाव आणि १२३ यावर भागवू नका. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय, बंद करा. राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा (जिथे सेटिंग बदलतात) मूळ पासवर्ड बदला. हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. गिऱ्हाइकांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय द्या, बिलिंगचा संगणक त्यावर नको.