५ डिसेंबरची फायनल: वुमेन्स एफए कप २०२०-२१ ची पार्श्वभूमी

वुमेन्स एफए कपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बायकांच्या 'हरला तो बाहेर' अशा नॉकआउट फुटबॉल स्पर्धेचा, २०२०-२१ चा सीझन कागदावर बघितला तर गोंधळच वाटतो, नाव २०२०-२१ आणि फायनल मात्र ५ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे पुढचा सीझन ऐन रंगात आलेला असताना. कारण अर्थात कोविड. खालच्या डिव्हिजनच्या टीम हौशी धरल्या गेल्या, त्यांच्या मॅच हिवाळ्यात बंद पडल्या आणि नॉकआउटमध्ये खालचा राउंड अडला की वरचं सगळंच अडतं, त्यामुळे पाचवा राउंड मे महिन्यात, क्वार्टर फायनल थेट सप्टेंबरच्या शेवटी आणि सेमी ३१ ऑक्टोबरला. त्यात आर्सेनलने ब्रायटनला ३-० हरवलं, चेल्सीने मँचेस्टर सिटीला ३-०.

पण ५ डिसेंबर ही तारीख काय आहे ते आमच्या वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या फुटबॉल बघणाऱ्या पोरींना माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पुरुषांचा एफए कप सुरू झाला १८७१-७२ ला आणि बायकांचा १९७०-७१ ला. मग मधली शंभर वर्षं बायका करत काय होत्या?

खेळत होत्या, आणि जोरात खेळत होत्या. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या आणि जेवणाच्या सुट्टीत तिथेच बॉल लाथाडायला लागल्या. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्याची टीम यात सगळ्यात गाजली. १९१७ च्या नाताळात त्यांनी डीपडेल ग्राउंडवर जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी मॅच खेळली, त्याला १०,००० माणूस आलं. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० ला, एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या टीमबरोबर मॅच झाली तेव्हा आत ५३,००० लोक होते आणि बाहेर हजारो जण जागा नाही म्हणून परत गेले. लिली पार ही डिक, करची लेफ्ट विंगर तेव्हा पंधरा वर्षांची होती, पंधरा!

आणि एवढं सगळं होऊन वर्षही झालं नाही तोवर, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडचं फुटबॉल चालवणाऱ्या एफएने, ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि आपल्या क्लबांनी बायकांच्या मॅचला ग्राउंड देऊ नयेत. चॅरिटीच्या पैशांचा नीट हिशोब नाही असाही ठपका ठेवला.

नीट बघा, खेळावर कायद्याने बंदी कुठेच नाही, फक्त ग्राउंड काढून घेतलं, आणि तेवढ्याने काम झालं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. ओहोटीला किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट बसते, चार चपला मांडल्या की दोन गोल तयार, पण ती पट्टी दुपारपासून मुलगे ओव्हरआर्म क्रिकेटला धरून बसलेले असतात, पोरींच्या वाट्याला येतो तो भरती चढायच्या आधीचा थोडा वेळ, आणि वर बांधावरून कोणीतरी म्हणतंच, 'चेडवांक फुटबॉल कित्याक होयो?' लंडनच्या त्या ठरावात यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

तरी बायका थांबल्या नाहीत. इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन नावाची स्वतःची संघटना काढली आणि १९२२ मध्ये स्वतःचा कपही घेतला, तो स्टोकच्या टीमने जिंकला. म्हणजे कप पहिल्यांदा १९७१ मध्ये झाला असं म्हणणं मला तरी पटत नाही. डिक, कर टीम पुढे प्रेस्टन लेडीज झाली आणि मिळेल त्या ग्राउंडवर १९६५ पर्यंत खेळत राहिली. पण मोठी स्टेडियम गेली ती गेलीच, गेटचे पैसे गेले, पेपरात नाव येणं गेलं.

१९६९ मध्ये वुमेन्स फुटबॉल असोसिएशन उभी राहिली, १९७०-७१ च्या सुमारास ती ग्राउंडवरची बंदी उठली आणि त्याच सीझनला हा नॉकआउट कप सुरू झाला, तेव्हा नाव मायटर ट्रॉफी. पहिल्याच वर्षी ७१ टीम आल्या! फायनल ९ मे १९७१ ला क्रिस्टल पॅलेसला, साउदॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ हरवलं, पॅट डेव्हिसची हॅटट्रिक. पहिल्या अकरा कपांपैकी आठ साउदॅम्प्टनचे, मग डॉनकास्टर बेल्सचा जमाना, मग आर्सेनलचा. आपल्याकडेही साधारण त्याच काळात, १९७५ ला, वुमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया निघाली, आणि आज आपली राज्याराज्यांची सिनियर नॅशनल स्पर्धा राजमाता जिजाबाई ट्रॉफीसाठी खेळली जाते, हे आपल्यातल्याच कितीतरी जणांना सांगितलं की खरं वाटत नाही.

इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे ज्यांनी ग्राउंड काढून घेतलं त्यांनीच, हा कप १९९३ मध्ये आपल्याकडे घेतला, पण फायनल वेम्बलीला न्यायला २०१५ उजाडलं.

तर २०२१ च्या त्या फायनलला पहिल्या कपाला पन्नास वर्षं झालेली आणि बंदीला त्याच दिवशी बरोबर शंभर. आधीच्या सीझनची फायनल १ नोव्हेंबर २०२० ला रिकाम्या वेम्बलीत झाली होती, या वेळी ४०,९४२ लोक आले. तिसऱ्याच मिनिटाला फ्रॅन कर्बीचा गोल, मग सॅम करचे दोन, त्यातला दुसरा गोलकीपरच्या डोक्यावरून हळूच उचललेला, केवळ अप्रतिम. चेल्सी ३, आर्सेनल ०, आणि चेल्सीची त्या सीझनची तिन्ही देशांतर्गत विजेतेपदं पूर्ण.

बक्षीस मात्र २५,००० पाउंड, पुरुषांच्या विजेत्याला तेव्हा १८ लाख. हे इतकं खुपलं की दोन्ही क्लबांच्या सपोर्टर्सनी फायनलच्या आधी एकत्र येऊन बक्षीस समान करा असं खुलं पत्र लिहिलं. समान काही झालं नाही, पण २०२२-२३ पासून बायकांच्या कपाची एकूण बक्षीस रक्कम ३० लाख पाउंडांवर नेली, आणि त्या सीझनच्या फायनलला वेम्बलीत ७७,३९० लोक होते.