गाडी फाटकाशीच का थांबवावी : आमच्या ओढ्यांवर गळ टाकण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खाजगी जमिनींतून वाहणाऱ्या ओढ्यांवर गळाने मासेमारी करण्याची परवानगी आम्ही जमीनमालकांकडून मिळवतो आणि आपल्याला दिवसाच्या परवान्याच्या रूपाने देतो, हे आपणांस ठाऊक आहेच. परवाना हाती पडल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : गाडी थेट काठापर्यंत नेता येईल का? उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते इतके ठाम का आहे, हे एकदा सविस्तर सांगणे बरे.

आम्हांला सर्वाधिक त्रास देणारी चूक बेफिकीर ग्राहकांकडून नव्हे, तर सावध ग्राहकांकडून होते. पलीकडच्या डोहापाशी जायचे असते, पाणी घोट्याइतकेच असते, तळाशी चिखल नसून स्वच्छ गोटे दिसतात, आणि ‘येथून गाडी काढल्यास काही बिघडणार नाही’ असे वाटून ती पाण्यात घातली जाते. दुर्दैवाने गाडीला सोयीचा वाटणारा हा उथळ, खडीचा उतार पुष्कळदा माशांनाही हवा असतो. डोह संपून पाणी जेथे उथळ होत पुढे धावू लागते, तेथे ते खडीच्या फटींतून खाली झिरपते आणि सोबत प्राणवायू नेते. म्हणूनच ट्राउट या थंड पाण्यातील माशाची मादी शेपटीने खडी उकरून तेथे अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. वरून पाहणाऱ्याला फार तर आजूबाजूपेक्षा किंचित उजळ, धुतल्यासारखा दिसणारा खडीचा पट्टा जाणवतो. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर ब्राउन ट्राउटची अंडी फुटण्यास साधारण सहा आठवडे लागतात, आणि थंड पाण्यात त्याहून बरेच अधिक. पिल्ले बाहेर पडल्यावरही काही काळ खडीतच राहतात. सुरुवातीच्या अवस्थेतील अंडी तर नुसत्या हादऱ्यानेही मरतात. चाकाखाली चिरडली न गेलेली अंडीही वाचतातच असे नाही, कारण उकरला गेलेला बारीक गाळ प्रवाहासोबत खाली जाऊन खडीच्या फटी बुजवतो आणि तेथील अंडी गुदमरतात.

‘आमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे’ असे आम्हांला आवर्जून सांगितले जाते. त्याने गाडी अडकण्याची भीती कमी होते, हे खरे. पण माती उकरणारी चाके दोनाऐवजी चार होतात, हेही तितकेच खरे.

काठाचे नुकसान तर उघड्या डोळ्यांना दिसते, मात्र काही पाऊस पडून गेल्यावर. ओल्या जमिनीवर पडलेली चाकोरी माती दाबून टाकते, गवताची मुळे तोडते, आणि पुढचा पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी त्याच चाकोरीने ओढ्याकडे धावतो. चाकोरीची घळ होते, घळीने काठ ढासळतो आणि ती माती पुन्हा पाण्यातच जाते. अशा जागी नुसती माती लोटून भागत नाही. दबलेला थर मोकळा करावा लागतो, गवत पुन्हा रुजू द्यावे लागते, आणि तोवर तो काठ आम्हांला सर्वांसाठी बंद ठेवावा लागतो, ज्यांनी आधीच दिवस ठरवला आहे त्यांच्यासाठीसुद्धा.

‘मालकाचा ट्रॅक्टर कसा जातो?’ हा आक्षेप रास्त आहे. मालक जातो तो दगड बसवून पक्क्या केलेल्या उतारावरून, आणि जमीन कोरडी असताना; शिवाय जमीन त्याची आहे. आपल्याला मिळालेली परवानगी माणसांना पायी जाण्याची आहे, वाहनांना नव्हे. त्यातच ओढा हीच कित्येकदा दोन जमिनींची हद्द असते, त्यामुळे पलीकडे गेलेली गाडी अशा मालकाच्या शेतात उभी राहते ज्याने आपल्याला बोलावलेलेच नाही. पाण्यावर कोणाचा हक्क, याचे कायदे देशोदेशी निराळे आहेत. परंतु पाण्यात उभे राहण्याच्या हक्कातून खाजगी काठावर गाडी नेण्याचा हक्क आपोआप निघत नाही. एका चाकोरीपायी मालकाने फाटकाला कुलूप लावले, तर ते पुन्हा उघडून घेण्यास आम्हांला कधी एक हंगामही पुरत नाही. आमची अनामत रक्कम काहींना जाचक वाटते, पण फाटके उघडी राहण्यात तिचा वाटा मोठा आहे.

चालणे टाळता येत नसले, तरी ओझे टाळता येते. सामानासाठी आम्ही रुंद चाकांची हातगाडी देतो. ज्यांना चालणे कठीण जाते, त्यांच्यासाठी वाहनतळापासून जवळचे डोह राखून ठेवतो. मात्र हे दिवस ठरवतानाच सांगावे, आयत्या वेळी व्यवस्था होत नाही. वाटाड्या सोबत घेतल्यास अंडी असलेली खडी ओळखून पाण्यात कोठे उतरावे हे तो दाखवतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही तसेच सुचवतो. बूट व जाळी आधीच्या पाण्यातून आणलेली असल्यास धुऊन पूर्ण वाळवून आणावीत, कारण ओलाव्यात तग धरणारे परके जीव त्यांतूनच येतात. परवान्यासोबतच्या नकाशात वाहनतळ, पायवाट आणि दोन्ही काठांच्या हद्दी दाखवलेल्या आहेत. पावसामुळे वाहनतळच ओला झाला असेल, तर आम्ही आदल्या संध्याकाळी कळवतो आणि दिवस बदलून देतो. त्यासाठी वेगळे शुल्क नाही.