उजेड नसेल तर नॅनो कोटिंग काय कामाचं?

कोविडच्या काळात ‘नॅनो कोटिंग’वाल्यांचं पेव फुटलं. भिंतीवर, दाराच्या कडीवर एकदा फवारलं की जंतू पुन्हा फिरकणार नाहीत, असा दावा. यातल्या बऱ्याच लेपांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतं तेच. ते जंतू मारतं हे अगदी खरं. जपानमध्ये तादाशी मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच ई. कोलाय हे आतड्यातले जंतू मारून दाखवले होते. पण त्यांच्या प्रयोगात दिवा लावलेला होता, आणि सगळी मेख तिथेच आहे.

हा पदार्थ अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जायला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. एवढी ऊर्जा साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींच्या, म्हणजे अतिनील प्रकाशात असते. तो पडला की इलेक्ट्रॉन वर जातो, मागे धनभारित पोकळी उरते. इलेक्ट्रॉन-पोकळीच्या बहुतेक जोड्या लगेच पुन्हा एक होतात आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. कण नॅनो आकाराचा असला तर पृष्ठभाग हाकेच्या अंतरावर असतो, म्हणून काही जोड्या त्याआधीच तिथे पोचतात. मग पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन अभिक्रिया करणारा कण) जन्मतो. मोकळा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड हा दुसरा मूलक बनतो.

हायड्रॉक्सिल मूलक इतका आक्रमक, की काही नॅनोसेकंदांतच समोर येईल त्यावर तुटून पडतो. त्यामुळे तो काही नॅनोमीटरपलीकडे जातच नाही. ई. कोलाय हजार-दोन हजार नॅनोमीटर लांबीचा. तो कणाला टेकलेलाच हवा. टेकला, की त्याच्या पेशीपटलातली (बाहेरच्या आवरणातली) मेदाम्लं तुटू लागतात, पटलाला भोकं पडतात, आतलं पोटॅशियम गळतं. प्रतिजैविक बहुधा एखादं ठरावीक प्रथिन गाठतं, आणि जंतू ते बदलून निसटतो. इथे नेम कशा एकावर नसतोच, म्हणून प्रतिकार उभा करणं जंतूला फार जड जातं. मला या तंत्राची ओढ आहे ती यामुळे.

आता जिन्यातली एलईडी ट्यूब बघा. तिच्या उजेडात अतिनील जवळपास नसतं. उन्हातही ते जेमतेम चार-पाच टक्के. नायट्रोजन मिसळून हा पदार्थ दृश्य प्रकाशात चालवता येतो, हे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. पण तिथे काम मंदावतं. शिवाय लेपावर धूळ-तेलाचा थर बसला की जंतू कणापासून दूर राहतो, आणि मूलक वाटेतच खर्च होतात.

तेव्हा कोटिंग विकायला कोणी आलं तर विचारा: कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश, किती तीव्रतेचा, किती तास? ‘नॅनो’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.