मिल्क थिसल : काटेरी झुडपातील संयुगांची पार्श्वभूमी

मिल्क थिसल या रानटी काटेरी वनस्पतीच्या बियांचा अर्क आज ‘यकृताचे औषध’ म्हणून जगभर विकला जातो आणि त्याच्या वेष्टनावर दोन हजार वर्षांच्या परंपरेचा दाखला हमखास दिलेला असतो. वनस्पती तितकी जुनी परिचित आहे हे खरे. पण तेव्हा तिचा कोणता भाग कशासाठी वापरत असत, हे तपासले की परंपरेचा हा धागा मध्येच तुटलेला दिसतो.

ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील, म्हणजे उटकटाऱ्याची दूरची नातलग, आणि मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील आहे. तिच्या रुंद पानांवर शिरांच्या कडेने पांढरे पट्टे असतात. येशूची आई मरियम हिच्या दुधाचे थेंब पडून ते उमटले, अशी ख्रिस्ती आख्यायिका असून शास्त्रीय नावातील ‘मारियानम’ हे पद तिच्यावरूनच आले. (प्रत्यक्षात पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असल्याने तो भाग पांढरा दिसतो.)

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज यांनी ‘सिलिबोन’ नावाने जी वनस्पती नोंदवली, तिची कोवळी पाने तेल-मीठ घालून शिजवून खातात आणि मुळाचा रस मधाच्या पाण्यातून दिल्यास वांती होते, असे ते सांगतात. ही नोंद वांतीच्या औषधाची आहे, यकृताच्या नव्हे. यकृत व प्लीहेतील अडथळे आणि कावीळ यांच्याशी तिचा संबंध सतराव्या शतकात निकोलस कल्पेपर या इंग्रज वनौषधितज्ज्ञांच्या लिखाणात स्पष्टपणे आढळतो. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य योहान गॉटफ्रीड राडेमाखर यांनी बियांचा मद्यार्कात काढलेला अर्क यकृताच्या विकारांवर वापरला. माझ्या मते आजच्या औषधाची खरी वंशावळ इथून सुरू होते, कारण ज्या संयुगांची पुढे एवढी चर्चा झाली, ती मुख्यतः बियांतच असतात.

हे बी जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांब, काळपट तपकिरी आणि गुळगुळीत असते. त्यात सुमारे पाव हिस्सा तेल आणि साधारण दीड ते तीन टक्के सिलिमारिन, म्हणजे औषधी मानले जाणारे द्रव्य, असते. म्हणून अर्क काढताना आधी तेल वेगळे करावे लागते. 1968 मध्ये म्युनिकमधील संशोधकांनी सिलिमारिन वेगळे काढले. पुढे ते एकच द्रव्य नसून सिलिबिनिन, सिलिक्रिस्टिन, सिलिडायनिन आदींचे मिश्रण असल्याचे स्पष्ट झाले. टॅक्सिफोलिन हे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक गट) आणि लाकूड घडवणाऱ्या लिग्निनचा एक घटक असलेले कोनिफेरिल अल्कोहोल यांच्या जोडणीतून वनस्पती ही संयुगे तयार करते.

जर्मनीतील कमिशन ई या शासकीय समितीने 1986 मध्ये या बियांच्या औषधी वापराला मान्यता दिली. चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एका बाजूने झुकले नाहीत. यकृत सिऱ्होसिसच्या (यकृतात व्रणांसारखे तंतू वाढून ते कठीण होण्याच्या विकाराच्या) 170 रुग्णांवरील, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार वर्षांनंतर सिलिमारिन घेणाऱ्यांपैकी 58 टक्के, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी 39 टक्के रुग्ण हयात असल्याचे आढळले. त्यानंतर 1998 मध्ये मद्यपानामुळे सिऱ्होसिस झालेल्या 200 रुग्णांच्या चाचणीत जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जुनाट हिपॅटायटिस-सीच्या 154 रुग्णांना नेहमीपेक्षा बरीच जास्त मात्रा 24 आठवडे देऊनही यकृताच्या एन्झाइमची पातळी लक्षणीय उतरली नाही, असे 2012 मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले. सिलिबिनिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि तोंडावाटे घेतल्यास आतड्यातून फारच थोडे रक्तात उतरते, ही यातली मूळ अडचण आहे.

शिरेवाटे देता यावे म्हणून त्याचे पाण्यात विरघळणारे रूप बनवले गेले, आणि त्याचा सर्वांत ठोस उपयोग जुन्या वैद्यांच्या नोंदींतून नव्हे, तर विषबाधेच्या उपचारांतून पुढे आला. ‘डेथ कॅप’ या विषारी अळिंबीतील अमॅटॉक्सिन यकृताच्या पेशीत शिरून आरएनए पॉलिमरेझ-2 हे एन्झाइम बंद पाडते, त्यामुळे पेशीतील प्रथिननिर्मिती थांबते. अळिंबी खाल्ल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग रुग्णाला बरे वाटू लागते, आणि त्याच फसव्या काळात यकृत निकामी होत जाते. पित्तावाटे आतड्यात आलेले विष तिथे पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परतते. सिलिबिनिन पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या वाहक प्रथिनाद्वारे हे विष आत जाते ते अडवते, म्हणून ते जितक्या लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग अधिक. प्राणघातक विषबाधेत काही रुग्णांना मुद्दाम औषधहीन ठेवणे नीतीला धरून नसल्याने येथील पुरावा मुख्यतः प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवर उभा आहे. आणि ते भरपूर द्रवपदार्थांसारख्या इतर उपचारांबरोबरच दिले जात असल्यामुळे वाचलेल्या प्रत्येक रुग्णाचे श्रेय नेमके किती सिलिबिनिनला द्यायचे, हे ठरवणे कठीण जाते.