हेडलाइटमध्ये पाणी शिरतंय? सीलंट घेण्याआधी एवढं वाचा

सिलिकॉनची ट्यूब उघडण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: पाणी नेमकं कुठून शिरतंय, आणि तुमच्या हेडलाइटची काच मुळात कशाने चिकटवलेली आहे. हे न पाहता बाहेरून रेघ ओढली, तर पाणी आतच कोंडतं आणि पुढची दुरुस्ती अवघड होऊन बसते.

दव की गळती?

सकाळी काचेच्या आतून बारीक धुकं दिसलं आणि दिवे लावून वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवल्यावर ते गेलं, तर ते दव आहे. त्याला सीलंट लागत नाही. हेडलाइट हवाबंद नसतोच. मागच्या बाजूला वाकडी रबरी नळी, छोटी टोपी किंवा हवा सोडून पाणी अडवणारी पातळ चकती असते. दिवा तापला की आतली हवा तिथून बाहेर जाते आणि निवला की परत आत येते. 60 अंशांची हवा 30 अंशांवर आली की तिचं आकारमान सुमारे 9 टक्के घटतं. म्हणजे पाच लिटर पोकळीच्या हेडलाइटमध्ये जवळजवळ अर्धा लिटर हवा आत ओढली जाते. ही वाट सीलंटने बुजवली, तर तेवढीच ओढ पुढची काच आणि मागचा डबा यांच्या सांध्यावर येते आणि सांध्यात सुईएवढी फट असली तरी पाणी आत खेचलं जातं. म्हणून श्वासाची छिद्रं कधीही बुजवू नका. रात्रीच्या प्रवासानंतर तापलेल्या दिव्यावर गार पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तेही याच कारणाने.

हॅलोजन बल्ब काढून एलईडी बसवला असेल तर धुकं जास्त वेळ राहतं, कारण एलईडीची उष्णता मागे जाते आणि काच तापत नाही.

थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हलताना दिसत असेल किंवा दोन-तीन कोरडे दिवस जाऊनही ओल जात नसेल, तर ती गळती.

वाट शोधा, मागून पुढे

आधी बल्बमागचं रबरी बूट (झाकण) पाहा. ते उलटं बसलेलं असणं, कड दुमडलेली असणं किंवा एलईडीचा पंखा बाहेर काढण्यासाठी कापलेलं असणं, ही नेहमीची कारणं. बुटावर वरची बाजू दाखवणारी खूण असते, ती वरच हवी. कापलेल्या बुटाला सिलिकॉन लावून भागत नाही, नवीन बूट घ्या. मग बल्ब होल्डरचं रबरी रिंग, श्वासाची टोपी जागेवर आहे का, आणि धडक बसलेल्या गाडीत मागच्या डब्याचे कान (गाडीला स्क्रूने जोडायचे कोपरे) व त्यांच्या मुळाशी पडलेली चीर पाहा. काच आणि डबा यांचा सांधा सर्वात शेवटी.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर हेडलाइट बाहेर काढा (बॅटरीची ऋण तार आधी सोडवा). एक सोडून सगळी छिद्रं टेपने बंद करा. उरलेल्या छिद्राला नळी लावून तोंडानेच हळू फुंका आणि सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे येतात ती जागा मार्करने खुणावा. कॉम्प्रेसरची हवा सोडू नका, चांगला सांधाही उसवतो. तपासून झालं की टेप काढायला विसरू नका.

कोणतं सीलंट?

पुढची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते आणि मागचा डबा बहुधा पॉलिप्रोपिलीनचा. डब्यावर ‘पीपी’ ही अक्षरं कोरलेली सापडतील. पॉलिकार्बोनेटचा 60 सेंटिमीटर तुकडा 40 अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर वाढतो, आणि डबा त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे इथे ताणलं जाणारं सीलंटच टिकतं. शिवाय पॉलिप्रोपिलीन मेणचट असतं, त्यावर बहुतेक गोंद धरतच नाहीत.

सांध्यात लाकडी टूथपिक खुपसून पाहा. काळं, च्युइंगमसारखं, तार धरणारं काही चिकटून आलं तर ते ब्युटाइल, म्हणजे दोरीच्या रूपात मिळणारं मऊ रबरी सीलंट. तुमचं काम सोपं आहे, ब्युटाइलच्या जागी ब्युटाइलच घाला. ते कायम मऊ राहतं, मेणचट प्लास्टिकलाही धरतं आणि पुन्हा तापवलं की उघडतं. दोरी घेताना सांध्याच्या चरावरून सुतळी फिरवून घेर मोजा आणि 10 टक्के जादा घ्या. एका हेडलाइटला बहुधा दीड ते दोन मीटर लागते. दोरीची जाडी चराच्या रुंदीएवढी हवी. बारीक दोरी दाबल्यावर चर भरत नाही, आणि गळती तिथूनच परत सुरू होते.

टूथपिक आत गेलीच नाही, सांधा दगडासारखा लागला, तर तो बहुधा पॉलियुरेथेनसारखा कायमचा गोंद आहे. तो तापवून उघडायचा प्रयत्न करू नका, काच तडकते. गळतीची जागा खुणावून बाहेरून सील करणं किंवा हेडलाइट बदलणं, हे दोनच शहाणपणाचे मार्ग.

बाहेरच्या चिरेसाठी सिलिकॉन चालतं, पण न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं. त्यातही अल्कोक्सी (सुकताना अल्कोहोल सोडणाऱ्या) प्रकारचं पॉलिकार्बोनेटला जास्त मानवतं. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. त्याने होल्डरचं तांबं हिरवं पडतं आणि रिफ्लेक्टरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा काळवंडतो. चरात सिलिकॉन भरण्याचा सल्ला आम्ही देत नाही. दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पिकतं, आतलं कच्चं राहतं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे ब्युटाइलसुद्धा धरत नाही.

फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ काचेवर आतून पांढरी साय धरते, ती पुसून जात नाही. एपॉक्सी पुटी कडक असते, उष्णतेच्या ताणात तिला महिन्या-दोन महिन्यांत केसासारखी चीर जाते. डब्याचा तुटलेला कान जोडायला ती ठीक, पाणी अडवायला नाही.

काम करताना

आधी आतलं पूर्ण वाळवा. बूट काढून हेडलाइट दिवसभर उन्हात ठेवा, किंवा हेअर ड्रायर 20 सेंटिमीटर अंतरावरून फिरवत राहा. रिफ्लेक्टरला कापड, बोट, कापूस काहीही लावू नका, मुलामा लगेच निघतो.

ब्युटाइलचा सांधा उघडायचा तर आधी बल्ब, स्क्रू, क्लिप काढा. ओव्हनमध्ये 90 ते 100 अंशांवर आठ-दहा मिनिटं पुरतात. हीट गनने करत असाल तर ती एका जागी थांबवू नका. जुनं ब्युटाइल शक्य तितकं खरवडून काढा. चर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको, त्याने काचेत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. दोरी न ताणता चरात बसवा, जोड वरच्या बाजूला घ्या आणि टोकं दोन सेंटिमीटर एकावर एक दाबा. ताणलेली दोरी आकसते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. पुन्हा आठ मिनिटं तापवून काच दाबा, क्लिप लावा, पूर्ण थंड होईपर्यंत पकडी सोडू नका.

बाहेरून सिलिकॉन लावताना 5 मिलिमीटर जाडीच्या दोन मीटर रेघेला सुमारे 40 मिलिलिटर लागतं, म्हणजे मोठं 300 मिलिलिटरचं नळकांडं घ्यायची गरज नाही, छोटी ट्यूब पुरे. ट्यूबवरची मुदत पाहूनच घ्या. पावसाळ्यातली दमट हवा सिलिकॉनला उलट मदतच करते, पण पृष्ठभाग ओला असेल तर ते धरणारच नाही. 24 तास गाडी धुवू नका.

हेडलाइट काढण्याआधी सपाट जागेवर गाडी उभी करा आणि समोरच्या भिंतीवर झोताची वरची कड खडूने आखून ठेवा. परत बसवल्यावर त्याच जागी गाडी उभी करून झोत त्या रेघेशी जुळवा. रेघेच्या वर गेला तर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो.