पाण्याने ठरवलेल्या चवी: बिअरच्या प्रकारांची पार्श्वभूमी

चार प्रकारची बिअर ओळीने मांडली की नजर आधी रंगावर जाते. फिकट ती सौम्य आणि काळी ती कडक, हा समज जुना आणि चुकीचा. आयरिश ड्राय स्टाउट काळीकुट्ट दिसते, पण तिच्यात अल्कोहोल साधारण 4 ते 4.5 टक्केच असतं. बेल्जियमची सोनेरी स्ट्राँग एल (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर) 8 टक्क्यांच्या वर जाते. रंग ठरतो माल्ट किती भाजला यावर, आणि तो किती भाजायचा हे बऱ्याच गावांत विहिरीच्या पाण्याने ठरवलं.

माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली. ती भरडून साधारण 65 ते 68 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवली की एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. या मिश्रणाचा पीएच 5.2 ते 5.6 च्या आसपास लागतो. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. नुसत्या फिकट माल्टवर तिथे पीएच चढा राहतो आणि टरफलातला तुरटपणा बिअरमध्ये उतरतो. काळा भाजलेला माल्ट आम्लधर्मी असल्यामुळे मूठभर घातला तरी पीएच खाली येतो. पीएचचं गणित कुणाला ठाऊक नव्हतं. काळी बिअर चांगली होते एवढंच कळत होतं. तो काळा माल्टही 1817 नंतरचा. त्या वर्षी डॅनियल व्हीलरने इंग्लंडमध्ये कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या लोखंडी पिंपाचं पेटंट घेतलं. त्याआधी लंडनची पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, तपकिरी माल्टची असे. द्रवातली साखर मोजणारं हायड्रोमीटर आल्यावर तपकिरी माल्टमधून साखर कमी मिळते हे उघड झालं. मग फिकट माल्टचा पाया आणि रंगापुरता काळा माल्ट, असा हिशेब बसला.

इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटचं पाणी उलट स्वभावाचं, जिप्समचं. त्यातलं सल्फेट हॉप्सचा (बिअरला कडू चव आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा कोरडा आणि टोकदार करतं. इंडिया पेल एलचं (आयपीए) नाव या गावाशी जोडलं गेलं, पण भारतात फिकट बिअर आधी पोहोचवली ती लंडनच्या बो भागातल्या हॉजसन या ब्रुअरने. मुंबई-कलकत्त्याकडे निघालेल्या जहाजांच्या कप्तानांना तो उधारीवर माल देई. 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने ती बाजारपेठ हिसकावली. पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत झाला. ही बिअर खास भारतासाठी शोधली, ही मात्र दंतकथाच. गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टरही ढिगाने येत होती.

बोहेमियातल्या प्लझेन गावात 1838 साली नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली आणि स्वतःची ब्रुअरी बांधली. तिथे बव्हेरियाच्या योसेफ ग्रोलने 1842 मध्ये पहिला घाणा काढला. गावचं पाणी कमालीचं मृदू. माल्ट धुराऐवजी गरम हवेवर वाळवलेला, म्हणून फिकट. हॉप्स बोहेमियातल्याच झाटेत्स गावचे, आणि थंड तळघरात सावकाश आंबणारं लागर यीस्ट. पिल्सनर ती ही. 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि ती चव कुठेही करता येऊ लागली.

बिअरची ‘स्टाइल’नुसार आजची विभागणी मात्र अलीकडची. मायकेल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराच्या (गायकाच्या नव्हे) 1977 च्या पुस्तकाने ती रुजवली.

तुलना करताना प्रत्येकी 100 मिलि पुरे. क्रम पिल्सनर, गव्हाची बिअर, पेल एल, स्टाउट असा. आधी आयपीए घेतली तर तिच्या कडवटपणापुढे पिल्सनर पाणचट लागते. पिल्सनर 5 ते 7 अंशांना, स्टाउट 10 ते 12 ला. फ्रिजमधून काढल्या काढल्या स्टाउट ओतली तर भाजल्याचा वास दबलेलाच राहतो. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटले तर पेला तेलकट आहे, फेसाला दोष देऊ नये. मधे साधा पाव आणि पाणी, फरसाण नको. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टचा, त्यात मसाला नसतो. पिल्सनरमध्ये लोण्याचा ठळक वास आला तर आंबवणं घाईत उरकलंय. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागली आहे किंवा ती जुनी आहे. आणि हिरव्या बाटलीतल्या बिअरला येणारा उग्र, गंधकासारखा वास अनेकजण पिल्सनरची खासियत समजतात. तो उन्हाचा. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात, आणि तपकिरी काच जेवढा प्रकाश अडवते तेवढा हिरवी अडवत नाही.