पार्श्वभूमी : गोव्यातली शेतराखणीची बंदूक

बंदुकीतून चुकून बार सुटला आणि कुणी जखमी झालं, की पहिली चौकशी परवान्याची होते. बंदूक कशी धरली होती, भरलेली का होती, हे प्रश्न मागाहून येतात. कायद्याचा प्रवासही बराचसा याच क्रमाने झाला आहे.

बंदुकीशी गोव्याचं नातं जुनं. 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर अफोंसो द अल्बुकर्कने इथल्या कारागिरांकडून बंदुका करवून घेतल्या आणि हे लोक युरोपातल्या बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, असं 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं. पुढे सत्तरी तालुक्यात राणे घराण्याची पोर्तुगीजांविरुद्ध बंडं झाली. 1852 चं दीपाजी राणे यांचं बंड नाणूसच्या किल्ल्याशी जोडलेलं आहे. पण आज सत्तरी, सांगे, केपे, काणकोणातल्या घरांत जी बंदूक असते, तिचं मूळ शोधायचं तर काजूच्या बागायतीत जावं लागतं. रानडुकरं, माकडं आणि गवेरेडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी ती घेतलेली असते. 2016 मध्ये माकड आणि रानडुकरासोबत चक्क मोरालाही उपद्रवी ठरवण्याची चर्चा गोव्यात झाली, यावरून त्रासाची कल्पना यावी.

मुक्तीनंतर इथे लागू झालेल्या 1959 च्या शस्त्र कायद्याने हा शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला होता. कलम 13 मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे नळीत आतून आटे नसलेली बंदूक. हेतू चांगला, पण ठासणीची बंदूक हे हाताळायला सगळ्यात बेभरवशाचं हत्यार. काडतुसाची बंदूक सांध्यात उघडून आत बघता येतं. ठासणीच्या नळीत दारू, छर्रे आणि बोळा एकदा ठासला की बाहेरून काही कळत नाही. जाणकार नळीत गज सोडून बघतात: रिकाम्या नळीत जितका आत जातो त्याहून वर राहिला, तर बार भरलेला आहे. तो उतरवायचा तर बोळा स्क्रूने ओढून काढा, नाहीतर बार उडवा. कंटाळा कुणालाही येतो, आणि भरलेली बंदूक तशीच माळ्यावर जाते. त्यात घोड्याची, म्हणजे बार पेटवणाऱ्या हातोडीची, खाच झिजलेली असेल तर अर्ध्यावर ओढलेला घोडा धक्क्याने पडतो. कुंपण ओलांडताना बंदूक नळीकडून ओढून घेणं म्हणजे तर मरणाला आमंत्रणच. रात्री झुडपात हललेलं काहीतरी डुक्कर समजून सोबत्यावरच बार टाकल्याच्या घटना गोव्यात वारंवार घडल्या आहेत. त्यांना अपघात म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लक्ष्य न ओळखता चाप ओढला, एवढंच ते आहे.

हाताळणीचं शिक्षण मात्र 2016 च्या शस्त्र नियमांपर्यंत परवान्याच्या अटींत ठळकपणे आलं नाही. आता अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात, लांब बंदूक खोळीत, पूर्ण झाकलेली आणि ताब्यात हवी. लग्नात, सभेत ती परजली वा बार काढला तर परवाना रद्द होऊ शकतो. याच नियमांनी परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक 25 वर्षं जवळ राहिली, की ती वारसाच्या नावे करण्याची वाटही मोकळी केली. घरात बंदुकीबरोबर सवयीही वारशाने येतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही.

2019 च्या दुरुस्तीने निष्काळजी वा जल्लोषातल्या गोळीबाराला वेगळा गुन्हा केलं: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाचा जीव गेला तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 304-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. परवाना शेतराखणीचा होता, हा बचाव तिथे चालत नाही.